क्लच गेला कुठे?

पुस्तकांची समीक्षा होते, नाटकांची होते, चित्रपटांची तर होतेच होते. यंत्रांची मात्र जाहिरात होते, नाहीतर किंमत आणि मायलेज यांचा तक्ता छापला जातो. वास्तविक यंत्रसुद्धा कोणीतरी विचार करून रचलेले असते. त्यात काही गृहीत धरलेले असते, काही उघड सांगितलेले असते आणि काही चतुराईने लपवलेले असते. तेव्हा त्याचेही वाचन करता यावे, अशा समजुतीने आम्ही एका छोट्या गाडीची समीक्षा करण्याचे योजले आहे. ही गाडी अर्धस्वयंचलित आहे, म्हणजे गिअर आहेत पण क्लचची मूठ नाही.

आम्ही वाचली ती प्रत जुनी होती. एका सहकाऱ्याच्या जिन्याखाली आठ वर्षे उभी असलेली, सुमारे शंभर घनसेंटिमीटर इंजिनाची, भारतातच बनलेली ही गाडी. तिचे नाव देत नाही, कारण तिच्या दुरवस्थेचा दोष कारखानदाराकडे जात नाही. तो सहकाऱ्याकडे आणि पुढे काही प्रमाणात आमच्याकडे जातो.

तिचे कूळ मात्र सांगायला हवे. १९५८ साली जपानमध्ये होंडा कंपनीने ५० घनसेंटिमीटरची सुपर कब नावाची गाडी बाजारात आणली. यंत्राची बाजू सोइचिरो होंडा यांची, तर व्यवहाराची ताकेओ फुजिसावा यांची. जपानी शहरांत सोबा, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया, घरपोच देणारी पोरे एका हाताने ताटांची चवड खांद्यावर तोलत आणि दुसऱ्या हाताने सायकल हाकत. अशा पोराला एका हाताने चालवता येईल अशी गाडी हवी, अशी अपेक्षा होती. त्यामुळे डावी मूठ रिकामी ठेवावी लागली. जपानी मॉडेलांत दिशादर्शक दिव्यांचे बटणसुद्धा उजवीकडे आले. या मालिकेच्या दहा कोटींहून अधिक गाड्या २०१७ सालापर्यंत बनल्या होत्या. इतक्या माणसांच्या हाती गेलेले दुसरे मोटारवाहन नाही.

मूठ रिकामी केली, तरी क्लचचे काम संपत नाही. पेट्रोल इंजिन शून्य वेगापासून जोर लावू शकत नाही. ते आधी फिरत असावे लागते. चाक मात्र थांबलेले असते. फिरते आणि थांबलेले यांची गाठ हळूहळू, घसरत घसरत घालून द्यावी लागते. गिअर बदलताना हीच गाठ क्षणभर सोडावी लागते. नेहमीच्या मोटरसायकलवर ही दोन्ही कामे डाव्या हाताची चार बोटे करतात. या गाडीत ती कोण करते?

इंजिनाचे उजवे झाकण उघडले की उत्तर दिसते. मूळ गाडीत एकच क्लच दोन्ही कामे करी. पुढच्या अनेक मॉडेलांत, आणि आमच्याही गाडीत, कामांची वाटणी झालेली आहे. इंजिनाच्या मुख्य दांड्यावर एक ड्रम असतो आणि त्याच्या आत स्प्रिंगांनी आवळून धरलेले वजनदार शू असतात. इंजिन मंद फिरते तेव्हा शू ड्रमला शिवत नाहीत. वेग वाढला की ते बाहेर सरकून ड्रमला घासतात आणि ड्रम फिरू लागतो. हा क्लच गाडी सुटताना लागतो. दुसरा क्लच चकत्यांचा, तेलात बुडालेला. तो गिअर बदलताना सुटतो, आणि त्याला सोडवणारा दट्ट्या गिअरच्या पायडलच्या दांड्याला जोडलेला असतो.

पहिल्या क्लचचे गणित दहावीच्या मुलांनाही झेपेल. समजा, एका शूचे वस्तुमान ५० ग्रॅम आहे आणि त्याचा गुरुत्वमध्य दांड्यापासून ४ सेंटिमीटरवर आहे. इंजिन मिनिटाला १,४०० फेरे घेत असताना त्याला वर्तुळात धरून ठेवायला सुमारे ४३ न्यूटन बल लागेल. फेरे २,८०० झाले की १७२ न्यूटन, आणि ५,६०० झाले की जवळजवळ ६९० न्यूटन. वेग दुप्पट, बल चौपट. सगळे कौशल्य या वर्गात आहे. स्प्रिंग अशी निवडायची की १,४०० फेऱ्यांना ती सहज पुरी पडावी आणि २,८०० ला अजिबात पुरू नये. बल वेगाच्या सम प्रमाणात वाढत असते, तर हा क्लच इतका ठामपणे ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणू शकला नसता.

हे सांगत असताना अकरावीतल्या एका मुलीने आम्हाला अडवले. दुरुस्तीच्या रविवारी ती मदतीला येत असे. “पण सर, शूला बाहेर ढकलतं कोण?” आम्ही सवयीने “अपकेंद्री बल” म्हणालो. ती म्हणाली, “ते खोटं बल असतं असं आम्हाला शिकवलंय. मग खोट्या बलाने ड्रम खरा कसा झिजतो?” ड्रमची झिजलेली कड तिच्या हातात होती. आमच्याकडे डॉक्टरेट होती, पण चटकन उत्तर नव्हते.

उत्तर असे आहे. बाहेर ढकलणारे कोणीच नसते. प्रत्येक क्षणी शू जडत्वाने सरळ रेषेत निघालेला असतो. त्याला वळवून वर्तुळात ठेवायला आतल्या दिशेने अभिकेंद्री बल लागते. मंद वेगात ते स्प्रिंग पुरवते. वेग वाढला की स्प्रिंग अपुरी पडते, शू बाहेर सरकतो आणि ड्रमला भिडतो. आता उरलेले आतल्या दिशेचे बल ड्रम पुरवतो. ड्रम शूला आत दाबतो, म्हणून शू ड्रमला बाहेर दाबतो. न्यूटनचा तिसरा नियम. तो दाब खरा, त्याचे घर्षण खरे आणि झीजही खरी. वर्गात हे दाखवायचे तर घरात पडलेला रेकॉर्ड प्लेअर काढावा. कडेजवळ ठेवलेले नाणे ३३ च्या वेगाला बहुधा जागेवर राहते आणि ७८ ला घसरून जाते. घर्षण दोन्ही वेळा तेवढेच, पण गरज सुमारे साडेपाच पट झालेली असते.

दुरुस्तीचा बराचसा भाग कंटाळवाणा होता. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलचा डिंक झाला होता, टाकीत गंज होता, टायर कडकले होते. पण एक चूक सांगण्याजोगी आहे. इंजिनातले तेल बदलताना आम्ही घरात उरलेले चांगल्या प्रतीचे, महागडे तेल ओतले. गाडी सुरू झाली, सपाटीवर धावली आणि चढावर इंजिनाचा आवाज चढूनही पुढे सरकेना. आम्ही चकत्या झिजल्या असे निदान करून नव्या आणायला निघालो. कोपऱ्यावरच्या गॅरेजमधल्या फिटरकाकांनी तेलाचा डबा पाहिला आणि हसले. “सर, हे मोटारीचं तेल. मोटारीचा क्लच कोरडा असतो, हिचा ओला.” त्या तेलात घर्षण कमी करणारी रसायने होती. इंजिनाला ती मानवतात, पण जो भाग घर्षणावरच जगतो त्याचे काय? तेल बदलल्यावर चकत्यांनी बऱ्याच दिवसांनी का होईना, पकड धरली.

आता समीक्षेचा गाभा. उजव्या झाकणावर, बाहेरून हात पोचेल असा एक स्क्रू आणि त्यावर चेकनट आहे. चेकनट सैल करून स्क्रू साधारण एक फेरा उजवीकडे फिरवायचा, मग किंचित अडेपर्यंत डावीकडे आणायचा, तिथून एक अष्टमांश फेरा परत उजवीकडे आणि चेकनट आवळायचा. पायडलने किती दाबल्यावर क्लच सुटावा, हे या स्क्रूवर ठरते. हे स्वतः केल्यावर आम्हाला पायडलचा खरा अर्थ कळला. त्याच्या दाबात दोन टप्पे असतात. पहिल्यात क्लच सुटतो, दुसऱ्यात गिअर बदलतो, आणि पाय दाबून धरलेला असेल तोवर क्लच सुटलेलाच राहतो. म्हणजे क्लचची मूठ गेलेली नाही. ती पायाखाली आली आहे.

या कुळातल्या गाड्या चालवणारे बहुतेकजण पायडलला टाच मारतात आणि लगेच सोडतात. तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना गाडी हिसका देते, मागचा माणूस पुढच्यावर आदळतो आणि दोष गाडीला जातो. कारण साधे आहे. तोच चाकाचा वेग राखायला दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाला समजा दीडपट फिरावे लागते. ते फिरवण्याची ऊर्जा एकाएकी चाकाकडून घेतली जाते. टाच दाबून धरा, मुठीने इंजिनाचा वेग थोडा चढवा आणि टाच सावकाश सोडा. हिसका नाहीसा होतो. आम्ही हे शिकलो ते झाकण उघडल्यानंतर. गाडीसोबतच्या पुस्तिकेत याचा एका ओळीनेही उल्लेख नव्हता. ‘क्लचची कटकट नाही’ असे एकदा सांगून बसल्यावर ‘क्लच इथे आहे’ हे कसे सांगणार? आमच्या मते या रचनेतला हा सर्वांत मोठा दोष आहे, आणि तो लोखंडात नाही, कागदावर आहे.

लोखंडातला दोष तुलनेने किरकोळ. चौकात अगदी सावकाश वळताना शूवाला क्लच धरू की सोडू करतो आणि त्या क्षणी चालकाच्या हाती काही नसते. मागच्या ब्रेकवर हलका पाय ठेवून थोडा एक्सिलरेटर देणे, एवढाच इलाज. उलट उतारावर हा क्लच सुटून गाडी मोकाट धावेल अशी भीती वाटते. ती खोटी आहे. आत एक एकदिशा क्लच आहे आणि चाक इंजिनाला ढकलू लागले की तो धरतो. याच्यामुळेच किकही बसते. आम्ही घाटात खात्री करून घेतली.

भारतात या जातीचा संसार जमला नाही. १९९०च्या दशकाच्या अखेरीस हिरो होंडाची स्ट्रीट आली, २००९ साली टीव्हीएसची जाइव्ह आली, दोन्ही गेल्या. वास्तविक शूवाला क्लच आपल्याला अनोळखी नव्हता, लुनात तो होताच. आमचा तर्क असा की ज्यांना गिअर नको होते त्यांना १९८० च्या दशकातच बिनगिअरची स्कूटर मिळाली, आणि ज्यांना हवे होते त्यांना सगळेच हातात हवे होते. मधल्याला गिऱ्हाईक कुठले? बिनगिअरच्या स्कूटरमध्ये पट्टा आणि सरकत्या पुल्या हे काम इतक्या बेमालूमपणे करतात की चालकाला वेगाखेरीज काहीच जाणवत नाही. सोय म्हणून ती नक्कीच सरस. पण शाळेच्या अंगणात उघडून दाखवायला एकच गाडी निवडायची, तर आम्ही ही अर्धवट गाडी निवडू. तिच्यात मुठीचे, पायाचे आणि शूचे काम वेगवेगळे बोटाने दाखवता येते, आणि भंगाराच्या दुकानात तिचा ड्रम नि शू फार महाग पडत नाहीत.

आमचा झिजलेला ड्रम त्या मुलीने मागून नेला आहे. स्प्रिंग किती ताणली की शू भिडतो हे तिला तराजूच्या काट्याने मोजायचे आहे, आणि आमच्या ५० ग्रॅम नि ४ सेंटिमीटर या आकड्यांवर तिचा मुळीच विश्वास नाही.