मियान मंजूचें पत्र

नगरच्या पूर्वेस शहा डोंगरावर जी उंच दगडी इमारत दिसते, तिला सारा मुलूख चांदबिबीचा महाल म्हणतो. वस्तुतः ती सलाबतखानाची कबर आहे. लोकांनीं आपल्या आवडत्या राणीला दुसऱ्याचें थडगेंहि देऊन टाकलें, याबद्दल माझें कांहीं म्हणणें नाहीं. तक्रार आहे ती तिच्यावर लिहिणारांविषयीं. मेडोज टेलरनें 1878 सालीं तिला आपल्या इंग्रजी कादंबरीची नायिका केलें, आणि तेव्हांपासून शाळेंतल्या धड्यापर्यंत ही कथा एकाच चित्राभोंवतीं फिरत आली आहे. सुरुंगानें तट ढासळला आहे, बुरखा घेतलेली राणी तलवार उपसून खिंडारांत उभी आहे. वाचकाचा ऊर भरून येतो. पण मोंगलांची फौज त्या तटाखालीं आली कशी, हें ओझरतें सांगून लेखक पुढें निघून जातात. मियान मंजू कोण, असें वर्गांत विचारावें तर खुद्द नगरचीं मुलें एकमेकांकडे पाहतात.

फौज आली, कारण तिला बोलावणें गेलें होतें. 1595 सालीं बुऱ्हाण निजामशहा वारला, आणि त्याचा मुलगा इब्राहिम कांहीं महिन्यांतच विजापूरकरांशीं लढतांना पडला. मागें राहिला तान्हा बहादूर. वजीर मियान मंजूनें अहमद नांवाचा एक मुलगा राजवंशांतला म्हणून गादीवर बसविला. तो त्या वंशाचा नाहीं, हें लवकरच उघडकीस आलें. मग हबशी सरदार इखलासखानानें मोती नांवाचा मुलगा पुढें केला, आभंगखानानें पहिल्या बुऱ्हाणाचा मुलगा शहा अली यास उभें केलें, आणि चांदबिबीनें बहादूरचा पक्ष धरला. एका गादीला चार उमेदवार! त्या काळीं मतदान नव्हतें. सरदारांची संमति हीच निवडणूक, आणि तिचा निकाल लागेना. तेव्हां किल्ल्यांत कोंडल्या गेलेल्या मियान मंजूनें गुजरातेंत असलेल्या शहाजादा मुरादला मदतीसाठीं पत्र धाडलें.

पुढचा भाग फिरिस्ता सांगतो, आणि तो मुळांतूनच, निदान ब्रिग्जच्या 1829 च्या भाषांतरांतून, वाचावा. फिरिस्ता विजापूरचा आश्रित, तेव्हां त्याचा कल ओळखूनच वाचावें लागतें. पण त्याचें बालपण नगरांत गेलें होतें. मोंगल येण्यापूर्वींच मियान मंजूनें हबशांचा पराभव केला. आतां मदतीची गरज उरली नव्हती, परंतु पत्र परत घेतां येत नव्हतें. पस्तावलेल्या वजिरानें किल्ल्यांत दाणागोटा भरला आणि स्वतः विजापूरची मदत आणण्यास निघून गेला. तट लढविण्याचें काम चांदबिबीवर पडलें. 1596 च्या फेब्रुवारींत तह झाला आणि वऱ्हाड गेलें.

अकबर कधीं तरी आलाच असता, असें एक स्नेही मला म्हणाले. तें खरें आहे. दक्षिणेवर त्याचा डोळा आधींपासूनच होता. पण बोलावण्यानें चढाईला न्यायाचा वेष मिळतो, हें त्यांनींहि नाकारलें नाहीं.

तथापि बाहेरच्याला कधींच हाक मारूं नये, हा निष्कर्षहि इतिहास काढूं देत नाहीं. 1591 सालीं खुद्द बुऱ्हाणानें अकबराची फौज नाकारली, तरी खानदेशच्या राजा अलीखानाचें आणि विजापूरचें साहाय्य घेतलेंच. चांदबिबीनेंहि पुढें बंडखोर पेशव्याविरुद्ध विजापूरच्या सोहेलखानाला बोलावलें. विजापूरचा स्वार्थ नव्हता काय? होताच, पण तो नगर टिकण्यांत होता, मोंगलांचा नगर संपण्यांत. आमच्या काळांत गांबियाचा यह्या जामे डिसेंबर 2016 ची निवडणूक हरूनहि खुर्ची सोडीना, तेव्हां जानेवारी 2017 मध्यें शेजारच्या राष्ट्रांच्या फौजा आंत शिरल्या आणि तो देश सोडून गेला. त्यांनीं मुलूख तोडला नाहीं. मात्र परकी शिपाई तेथें पुढें वर्षानुवर्षें राहिले, हेंहि त्याच हिशेबांत मांडलें पाहिजे.

1600 सालीं, मोंगलांशीं बोलणें लावल्याच्या आरोपावरून, चांदबिबीला तिच्याच लोकांनीं ठार केलें, आणि थोड्याच दिवसांत किल्ला पडला. शोकांतिका लिहूं इच्छिणारानें खिंडारापासून आरंभ करूं नये. हबशांचा पराभव झालेला आहे, जासूद केव्हांच गुजरातच्या वाटेला लागलेला आहे, आणि विजयी वजीर कोठारांत धान्य मोजून घेत आहे, येथें पडदा उघडावा.