लिनक्सचे मराठी रूप : शब्दांचा वाद आणि वाक्याची उपेक्षा

एखादी वस्तू सुधारणे म्हणजे नेमके काय करणे, याविषयी ती घडविणाऱ्यांत व वापरणाऱ्यांत एकमत असतेच असे नाही. वस्तू एका कारखानदाराच्या मालकीची असली, म्हणजे हा मतभेद कारखान्याच्या भिंतीआडच मिटतो किंवा मिटविला जातो. लिनक्स या संगणकप्रणालीची गोष्ट निराळी आहे. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी तिच्या गाभ्याचा आरंभ केला; आणि तिची मूळ संहिता कोणासही वाचता, बदलता व वाटता येत असल्यामुळे तिच्या सुधारणेचे वाद उघड्यावर होतात. २०११ साली ‘ग्नोम’ या पडद्यावरील मांडणीची तिसरी आवृत्ती निघाली, तेव्हा सवयीची रचना मोडल्याबद्दल वापरणाऱ्यांत मोठा रोष उत्पन्न झाला आणि त्यातून ‘मेट’ व ‘सिनॅमन’ या वेगळ्या मांडण्या जन्मास आल्या. ‘उबुंटू’ने त्याच वर्षी ‘युनिटी’ ही आपली स्वतंत्र मांडणी पुढे केली व २०१७ साली तिचा त्याग करून ग्नोमचा पुन्हा स्वीकार केला. या वादांचे एक लक्षण ध्यानात ठेवण्याजोगे आहे : येथे हुकूम कोणाचाच चालत नाही, ज्यास मान्य नसेल तो वेगळी वाट धरू शकतो.

याच प्रणालीच्या मराठी रूपाविषयी जो वाद गेली दोन दशके चालत आला आहे, त्याचे परीक्षण प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. इंडलिनक्स या स्वयंसेवी प्रयत्नाने भारतीय भाषांतील लिनक्सचा प्रश्न या शतकाच्या आरंभी पुढे आणला. ग्नोम व केडीई या दोन्ही मांडण्यांची मराठी भाषांतरे झाली. रेड हॅटच्या पुण्यातील मंडळींनी त्यांत मोठा वाटा उचलला. पुढे ‘फ्युएल’ या उपक्रमात वारंवार येणारी पदे निवडून त्यांच्या भाषावार प्रमाणीकरणाचा यत्न झाला. कामाचे मोल वादातीत आहे. वादाच्या पद्धतीबद्दल मात्र बोलले पाहिजे. आमच्या मते हा वाद जवळजवळ सर्वस्वी नामांभोवती फिरत राहिला आणि वाक्याकडे, म्हणजे व्याकरणाकडे, त्याचे लक्ष फारच थोडे गेले.

प्रथम जे साधले त्याचा विचार करू. मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ हे ‘दरी’चे अनेकवचन. येलदरी या ग्रामनामाची व्युत्पत्ती काहीही असो, त्या गावच्या माणसास दरीचे अनेकवचन लिहावयाचे झाल्यास त्याला हा दुसरा, रफाराहून निराळा ‘र’ अवश्य लागतो. युनिकोड या संकेतप्रणालीत तो दोन मार्गांनी लिहिता येतो : नुक्तायुक्त ‘ऱ’पासून, किंवा साध्या ‘र’पुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्याला दोन्ही सारखे. यंत्राच्या लेखी मात्र ते दोन भिन्न शब्द, आणि म्हणून शोध घेताना एक सापडतो व दुसरा निसटतो. ‘ॲ’ या स्वरास २००८ साली युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले; त्यापूर्वीच्या मजकुरात तो ‘अ’ व अर्धचंद्र असा जोडून लिहिलेला असल्यामुळे तेथेही हीच अडचण आहे. ‘ल’ व ‘श’ यांची मराठी वळणे हिंदीहून निराळी आहेत; ‘लोहित’सारख्या मुक्त अक्षरसंचांनी त्यांची दखल घेतली, आणि महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयाने मराठी वर्णमालेस अधिकृत रूप दिले. अक्षरांच्या या चर्चेत प्रगती झाली याचे कारण उघड आहे. ‘दर्या’ व ‘दऱ्या’ ही जोडी समोर ठेवली की मतभेदाला जागा उरत नाही. प्रश्न रुचीचा राहत नाही, पुराव्याचा होतो.

शब्दांच्या चर्चेत असे घडले नाही. ‘फाईल’ म्हणावे की ‘धारिका’, ‘पासवर्ड’ की ‘परवलीचा शब्द’, ‘सेटिंग्ज’ की ‘संयोजना’, यांवर शुद्धतावादी एका बाजूस व सुलभतावादी दुसऱ्या बाजूस, अशी ठरीव फळी पडते. महाराष्ट्राला ही फळी नवी नाही. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले व पुढे पदनाम कोश निघाला. त्याची ‘बदनाम कोश’ अशी थट्टाही झाली. परंतु दोन्ही प्रसंगांत एक मूलभूत भेद आहे. शासनाचा शब्द आदेशाच्या बळावर टिपणीत, फलकावर व शिक्क्यावर उतरतो आणि सवयीने रुळतो. लिनक्सचा शब्द मात्र वापरणाऱ्याच्या मर्जीवर जगतो : न रुचल्यास तो क्षणार्धात पडद्याची भाषा इंग्रजी करून टाकतो आणि त्याचा हा निषेध कोठेही नोंदला जात नाही.

मग शब्द पारखावा कसा? येलदरीचेच उदाहरण घेऊ. जिंतूर तालुक्यातील या गावी पूर्णा नदीवर धरण आहे. धरणासंबंधीची मराठी तपासली तर तिच्यात तीन थर सुखाने नांदताना दिसतात. ‘सांडवा’ हा जुना देशी शब्द. ‘विसर्ग’ हा संस्कृतातून आणलेला, वृत्तपत्रांनी रूढ केलेला. ‘क्युसेक’ हे तर परकीय मापच. ‘सांडव्यातून अमुक क्युसेक विसर्ग’ हे वाक्य नदीकाठच्या शेतकऱ्यास समजते, कारण त्यावर त्याचे काठचे पीक अवलंबून असते. शब्दाचे कूळ येथे निर्णायक ठरलेले नाही. व्यवहारातील त्याची गरज निर्णायक ठरली आहे. हाच शेतकरी तलाठ्याकडून सातबाऱ्याची ‘नक्कल’ घेतो, ‘फेरफार’ नोंदवितो, ‘उतारा’ मागतो. संगणकावरील प्रत काढण्याच्या क्रियेस ‘नक्कल’ हा शब्द चालेल की नाही, याचा विचार करण्यापूर्वीच ‘प्रतिलिपी’ व ‘कॉपी’ यांच्यात झुंज लावून देणे म्हणजे आपल्याच भाषेचे दप्तर न उघडता निकाल देण्यासारखे आहे. फारसी-अरबी शब्दांचा हा साठा मराठवाड्यात विशेष जिवंत आहे, आणि ‘रद्द’, ‘मजकूर’, ‘तारीख’ हे त्यांतील शब्द तर पडद्यावर केव्हाच निर्वेधपणे नांदत आहेत.

तथापि उत्तम शब्द निवडूनही काम अर्धेच होते. येथे आमचा मुख्य आक्षेप उपस्थित होतो. भाषांतरकारासमोर वाक्ये सुटी, संदर्भावाचून येतात. इंग्रजीत पुसून टाकण्याची आज्ञा एका शब्दाने भागते. मराठीत तिच्यासाठी ‘काढा’ हे क्रियापद ठरविले, तर ‘चित्र काढा’ याचा अर्थ रेखाटा असा होईल, आणि कचेरीत ‘फाईल काढा’ म्हणजे कपाटातून बाहेर काढा. क्रियापदाचा अर्थ येथे कर्मावर अवलंबून आहे. तो पदसूचीत ठरविता येतच नाही. ‘काढून टाका’ असे संयुक्त क्रियापद घेतल्यास अर्थ निश्चित होतो, पण लगेच दुसरी अडचण उभी राहते. काम पुरे झाल्यावर यंत्र ज्या वाक्याने ते कळविते, त्यात वस्तूच्या नावासाठी रिकामी जागा सोडलेली असते. इंग्रजी क्रियापदास त्या जागी काय येते याची पर्वा नसते. मराठीत मात्र ‘फाईल काढून टाकली’, ‘मजकूर काढून टाकला’, ‘चित्र काढून टाकले’ अशी तीन लिंगांची तीन रूपे लागतात. भाषांतराच्या साधनात एकवचन व अनेकवचन यांची सोय आहे, लिंगाची नाही. परिणामी सर्वत्र नपुंसकलिंगी रूप ठोकून दिले जाते, आणि ‘फाईल काढून टाकले’ असे वाक्य वाचणाऱ्यास ही मराठी परक्याची आहे, असे वाटल्यावाचून राहत नाही. दोष मात्र तो ‘फाईल’ या शब्दास देतो!

आज्ञार्थाचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. कळीवर ‘जतन करा’ असे लिहिलेले असते. हे कोण कोणास म्हणत आहे? यंत्र माणसास सूचना देत असेल तर आदरार्थी ‘करा’ योग्य. परंतु कळ दाबून माणूस यंत्रास आज्ञा देत असेल, तर मराठी माणूस यंत्रास ‘अहो’ म्हणणार नाही. इंग्रजी रूपात हा भेद दिसतच नाही, म्हणून तो मूळ रचनाकारास सुचतही नाही. ‘जतन’ किंवा ‘साठवण’ असे नाम कळीवर ठेवून आणि ‘करा’ हे रूप केवळ सूचनांसाठी राखून ही संदिग्धता टाळता येण्याजोगी आहे. हा निर्णय एकदा व सर्वत्र व्हावयास हवा. शब्दाशब्दागणिक तो करता येत नाही.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, स्वयंसेवकांच्या अपुऱ्या बळावर चालणाऱ्या कामाकडून इतक्या सूक्ष्मतेची अपेक्षा अन्यायाची आहे. याचे उत्तर असे की, सूक्ष्मतेमुळे श्रम वाढत नाहीत, उलट वाचतात : लिंगनिरपेक्ष वाक्यरचना एकदा ठरली, उदाहरणार्थ ‘काढून टाकण्याचे काम पूर्ण’, की पुढील शेकडो वाक्यांचा वाद मिटतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सुशिक्षित मराठी माणूस संगणक इंग्रजीतच वापरतो. मग हा खटाटोप कोणासाठी? या आक्षेपातील वस्तुस्थिती आम्ही नाकारीत नाही. परंतु जो इंग्रजीत वावरू शकतो तो या प्रश्नाचा पक्षकारच नव्हे. येलदरीसारख्या गावी मराठी शाळेत शिकणाऱ्या मुलास यंत्राचे पहिले वाक्य मोडक्या मराठीत भेटले, तर तो मराठीविषयी जे अनुमान काढील ते आयुष्यभर टिकेल. ही भाषा नव्या वस्तूंसाठी नाही, हे ते अनुमान होय. आपल्या विषयाच्या दृष्टीने याहून मोठी हानी कोणती?

सारांश, लिनक्सच्या मराठी रूपाची चर्चा करणाऱ्यांनी अक्षरांच्या बाबतीत जी पुराव्याची शिस्त पाळली तीच वाक्यांच्या बाबतीत पाळावयास हवी. मूळ इंग्रजी वाक्यच मराठीस अडचणीचे असेल, तर ते बदलावे असा आग्रह मूळ रचनाकारांकडे धरण्याचा अधिकार या प्रणालीने प्रत्येकास दिला आहे. मालकीच्या प्रणालीत तो मिळत नाही. आपण तो शब्दांच्या भांडणात खर्च करीत आलो आहोत. विद्यापीठांतील भाषाविभागांनीही हे काम केवळ तंत्रज्ञांचे असे मानून अंग चोरले आहे. लिंग, वचन, आज्ञार्थ व संयुक्त क्रियापदे यांवर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी काहींनी मराठी पडद्यावरील वाक्यांचा संग्रह करून त्यांची व्याकरणदृष्ट्या वर्गवारी केली, तर तो अभ्यास ग्रंथालयात धूळ खात पडणार नाही. त्याचा उपयोग दुसऱ्याच दिवशी होऊ शकेल.