मूळ बदलले, पत्ता राहिला : एका यंत्रसंदेशाची चिकित्सा

लिनक्सची मूळ फाइल सिस्टीम एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात नेल्यावर, उदाहरणार्थ एक्स्ट४ सोडून एक्सएफएस किंवा बीटीआरएफएस स्वीकारल्यावर, पुष्कळदा संगणक सुरू होत नाही. ‘व्हीएफएस : अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक (०,०)’ हे वाक्य पडद्यावर उमटते आणि सारे थांबते. अशा प्रसंगी उपयोगी पडावे म्हणून झालेल्या लेखनाची एक रूढ रीत आहे. वाक्याचा पूर्वार्ध उद्धृत करावयाचा आणि लगेच आज्ञांची यादी द्यावयाची. कंसातील दोन आकड्यांकडे त्यात दुर्लक्ष होते. वस्तुतः निदानाचा आरंभ त्या आकड्यांपासूनच व्हावयास हवा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रथम ओळखीचा प्रश्न घेऊ. शिरूर कासार येथील वाचकास तो समजावून सांगावयास नको. पुणे जिल्ह्यात शिरूर आहे, लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ आहे. बीड जिल्ह्यातील या गावाची ओळख ‘कासार’ या पदानेच पक्की होते. डिस्कवरील मूळ विभागाची ओळख पक्की करणारे पद म्हणजे १२८ बिटांचा यूयूआयडी. विभाग नव्या प्रकाराने फॉरमॅट केला की जागा तीच राहते, परंतु हे पद बदलते. ग्रबच्या नोंदीत व एफएसटॅबमध्ये मात्र जुनेच पद राहून जाते.

आता आकड्यांकडे वळू. (०,०) याचा अर्थ कर्नलला साधनच सापडले नाही. फाइल सिस्टीमचा यूयूआयडी शोधणे हे कर्नलचे काम नव्हे. ते इनिट्रॅमएफएस करते. ती प्रतिमाच स्मृतीत आली नसेल, तर पत्ता अचूक असूनही हेच वाक्य उमटते. याउलट (८,१) असे आकडे आल्यास पहिली डिस्क व तिचा पहिला विभाग सापडला आहे, परंतु तेथील रचना कर्नलला वाचता आलेली नाही. अशा वेळी कर्नलने कोणकोणते प्रकार वापरून पाहिले त्यांची यादी वरच्या ओळींत असते. तीत नवा प्रकार नसेल, तर त्याचा चालक कर्नलला उपलब्ध नाही, असे समजावे. मूळ सापडत नसल्याची तक्रार करून इनिट्रॅमएफएसने शेल उघडले, तर यूयूआयडी तपासावा. आणि ‘अननोन फाइलसिस्टम’ असे ग्रबच म्हणत असेल, तर कर्नलपर्यंत प्रकरण पोचलेलेच नाही. सारांश, वाक्य काय म्हणते याइतकेच ते कोण म्हणते हे महत्त्वाचे होय.

एफएसटॅबचे माहितीपान सहा रकान्यांचे विवेचन काटेकोरपणे करते. परंतु केवळ त्यावर विसंबणाऱ्या वाचकाची एक फसगत संभवते. हा तक्ता मुळातच साठवलेला असतो. तेव्हा कुलूपबंद पेटीची किल्ली पेटीतच ठेवावी, तशी ही अवस्था. तक्ता सुधारल्याने पेटी उघडत नाही. अर्थात तो सुधारणे टाळताही येत नाही. डेबियनच्या एक्स्ट४ नोंदीतील ‘एरर्स=रिमाउंट-आरओ’ हा पर्याय एक्सएफएसचा नव्हे; प्रकार बदलून तो तसाच ठेवणे म्हणजे नव्या घरावर जुनी पाटी लावणे होय.

यावरून दुरुस्तीचा क्रम आपोआप ठरतो. लाइव्ह माध्यमावरून संगणक सुरू करावा, नवा यूयूआयडी पाहावा, मूळ माउंट करून क्रूटने आत जावे, एफएसटॅब सुधारावा, इनिट्रॅमएफएस पुन्हा बांधावे आणि ग्रबची नोंद नव्याने करावी. ग्रबनेच तक्रार केली असेल, तर ते पुन्हा प्रस्थापित करावे.

हा आग्रह केवळ पांडित्याचा नव्हे. ‘मूळ उघडता येत नाही’ याचा अर्थ ‘डिस्क गेली’ असा लावून विभाग पुन्हा फॉरमॅट करणारा वाचक स्वतःच्या हातांनी शाबूत माहिती पुसतो. यंत्राने आपण कोठे थांबलो एवढेच सांगितलेले असते. नाश झाल्याचा निष्कर्ष वाचकाचा असतो. तो काढण्यापूर्वी कंसातील दोन आकडे वाचावेत, इतकीच अपेक्षा.