खंदकातील हास्य : एक रसविचार

युद्ध म्हटले की मराठी रसिकाच्या मनात वीररस उभा राहतो. पोवाडे, बखरी, ऐतिहासिक कादंबरी व नाटक यांनी त्याला हीच सवय लावली आहे. मोहीम, चढाई आणि अखेरीस विजय किंवा वीरमरण, एवढ्यातच युद्धाचे वाङ्मयीन रूप संपते असे मानण्याकडे समीक्षेचाही कल राहिला. या रूपात शिपायाच्या रोजच्या दिवसाला स्थान नाही. चिखल, उवा, अर्धपोटी जेवण, घरच्या पत्राची प्रतीक्षा आणि या सर्वांवर चालणारी थट्टा यांनी युद्धाचा फार मोठा काळ व्यापलेला असतो. प्रत्यक्ष चढाईचे तास मोजकेच असतात. शिपायाच्या या थट्टेचा उल्लेख जेथे येतो तेथे तिचा अर्थ दोनच प्रकारांनी लावला जातो. एक तर ती निर्भयतेची खूण मानली जाते, नाही तर कंटाळा घालविण्याचे साधन समजली जाते. हे दोन्ही अर्थ अपुरे आहेत. अर्धापूरसारख्या मराठवाड्यातील गावी युद्धस्मृती गोळा करावयास निघालेल्या अभ्यासकाला तर ते दिशाभूल करणारेही ठरतील.

प्रश्न मुळात रसशास्त्राचा आहे. भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात हास्याचे आत्मस्थ व परस्थ असे दोन भेद सांगितले आहेत. स्वतः हसणे हे आत्मस्थ, दुसऱ्यास हसविणे हे परस्थ. विकृत वेष, विकृत आकार, असंबद्ध भाषण इत्यादी त्याचे विभाव होत. पुढे विश्वनाथाने रसांच्या परस्परविरोधाचा विचार करताना भयानक व करुण हे हास्याचे विरोधी रस ठरविले. हा निर्णय सामान्य अनुभवाला धरूनच आहे. ज्याला भय वाटते तो हसत नाही आणि शोकात बुडालेल्या माणसापुढे विनोद करणे हा अनौचित्याचा कळस होय. मात्र खंदकात नेमके हेच घडते. तेथे भयाचा जो विभाव तोच हास्याचा विभाव असतो, आणि हसणारा व भ्यालेला हे दोन निरनिराळे पुरुष नसून एकच शिपाई असतो.

आनंदवर्धनाने ध्वन्यालोकाच्या तिसऱ्या उद्द्योतात विरोधाच्या परिहाराचे जे मार्ग सांगितले आहेत त्यांपैकी दोन येथे उपयोगी पडतात. विरोधी रसांना भिन्न आश्रय द्यावा, अथवा एकाला दुसऱ्याचे अंग करावे. पहिला मार्ग खंदकात बंद आहे, कारण आश्रय एकच. दुसरा मात्र खुला आहे. खंदकातील हास्य हे स्वतंत्र रसपदवीला पोहोचत नाही. ते करुणाचे अंग होऊन येते. ही भूमिका स्वीकारली तर शिपायाची थट्टा वीररसाच्या खात्यावर मांडता येत नाही, व तिला केवळ करमणूकही म्हणता येत नाही.

एका प्रसिद्ध उदाहरणावर ही भूमिका तपासता येईल. ब्रूस बेअर्न्सफादर या इंग्रज अधिकाऱ्याने १९१५ साली काढलेल्या एका व्यंगचित्रात तोफगोळ्याने पडलेल्या खड्ड्यात दोन शिपाई बसले आहेत व भोवती गोळे फुटत आहेत. कुरकुर करणाऱ्या सोबत्याला दुसरा सांगतो की, याहून बरा खड्डा ठाऊक असेल तर खुशाल तिकडे जा. येथे थट्टेचा विषय शत्रू नाही, सेनापतीही नाही. जाण्यासाठी दुसरी जागाच नाही ही स्थिती येथे थट्टेचा विषय झाली आहे. वाक्याचा आकार घर बदलणाऱ्या भाडेकऱ्याच्या तक्रारीला दिलेल्या उत्तराचा, आणि प्रसंग मरणाचा. ही विसंगती हसू आणते, व त्या हसण्याच्या पोटातच करुण असतो. या चित्रांची लोकप्रियता पाहून पुढे सरकारने बेअर्न्सफादरला दोस्त राष्ट्रांच्या सैन्यांसाठीही चित्रे काढण्यास पाठविले. वाचकांनी त्या हास्यातील धीर तेवढा घेतला व त्यातला करुण सोडून दिला, असे म्हणावयास हरकत नाही.

हिंदी शिपाई याच खंदकात होता. १९१४ च्या शरद ऋतूत हिंदी पलटणी फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरल्या व १९१५ अखेर त्यांतील पायदळाचा बहुतेक भाग मेसोपोटेमियाकडे वळविला गेला. इंग्रज शिपायाच्या खंदकी बोलीत या सहवासाच्या, किंबहुना त्याआधीच्या छावणीजीवनाच्या खुणा विपुल आहेत. स्वदेशासाठी त्याने रूढ केलेला ‘ब्लायटी’ हा शब्द म्हणजे आपला ‘विलायती’. ज्या जखमेमुळे जीव जात नाही, पण मायदेशी रवानगी होते, तिलाही तो ‘ब्लायटी’च म्हणे, आणि अशी जखम लाभावी ही त्याच्या थट्टेची नेहमीची मागणी असे. शब्द हिंदुस्थानचा, परंतु ही थट्टा हिंदी शिपायाला करता येण्याजोगी नव्हती. ब्रायटनसारख्या ठिकाणच्या इस्पितळांत बरे झालेले हिंदी जखमी पुष्कळदा पुन्हा आघाडीवरच धाडले जात, व ही त्यांच्या पत्रांतील एक कायमची तक्रार होती. त्याची जखम त्याला ‘विलायती’ नेई, गावी नेत नसे. एकाच शब्दाने एकाला सुटकेचा विनोद दिला. दुसऱ्याच्या हाती उरला तो शब्दाचा मूळ अर्थ, म्हणजे परदेश.

मग हिंदी शिपाई हसला नाही काय? हसला, परंतु त्याचे हास्य आडवाटेने आले. त्याच्या पत्रांवर लष्करी तपासनीसाची नजर असे. मूळ पत्रे बहुधा पुढे रवाना होत, आणि आज अभ्यासकाला उपलब्ध आहेत ते त्या तपासनीसांनी केलेले इंग्रजी उतारे. त्यांतील बहुतेक पंजाबी, पठाण व गढवाली शिपायांचे आहेत. मराठी पत्रांचा वाटा अल्प आहे. तथापि त्यांतील एक संकेत मराठी वाचकालाही चटकन् कळेल असा आहे. पत्रात काळ्या मिरीचा व लाल मिरचीचा हिशेब येतो. काळी मिरी संपत आली, लाल मिरची अजून शिल्लक आहे, असे घरी कळविले जाते. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई, लाल मिरची म्हणजे गोरा. मनुष्यहानीचा हा ताळेबंद किराण्याच्या यादीच्या रूपात लिहिलेला आहे. तपासनीसाला हा संकेत उमगला होता, हे उतारा शिल्लक राहिला यावरूनच सिद्ध होते.

या संकेताला विनोद म्हणावे काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. त्यात हसू फुटत नाही. परंतु त्याची घडण बेअर्न्सफादरच्या चित्राचीच आहे : मरणाला घरगुती व्यवहाराची भाषा. भेद श्रोत्याचा आहे. इंग्रज शिपायाची थट्टा छापली जाते. १९१६ मध्ये ईप्र येथे सापडलेल्या छापखान्यावर त्याने स्वतःचे पत्रक काढले व खोट्या जाहिरातींनी ते भरले. हिंदी शिपायाचे पत्र अनेकदा लेखनिक लिहितो, तपासनीस वाचतो, आणि गावी तिसराच कोणी ते मोठ्याने वाचून दाखवितो. इतक्या कानांतून जाणारे हास्य मोकळे राहणे शक्य नव्हते. म्हणून हिंदी, व त्यातही मराठी, शिपायाचा विनोद नव्हताच असा निष्कर्ष काढणे म्हणजे दडपलेल्या आवाजाला मुका ठरविणे होय.

मराठी पलटणींची सर्वांत कठोर परीक्षा झाली ती कूत-अल-अमारा येथे. टाउन्सेंडच्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या तीन मराठा पलटणी होत्या. ७ डिसेंबर १९१५ रोजी सुरू झालेला वेढा २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागतीने संपला, व सुमारे १३,००० सैनिक कैदेत गेले. जानेवारीत तैग्रिसच्या पुराने खंदक भरले. धान्य होते तेव्हा दळण्याची सोय नव्हती. जात्याचे दगड विमानातून टाकावे लागले. एप्रिलमध्ये धान्यही विमानातून टाकले गेले, आणि त्यातील काही पोती नदीत अथवा शत्रूच्या हद्दीत पडली. भाजी न मिळाल्याने हिंदी शिपायांत रक्तपिती बळावली. घोड्याचे मांस खावयास बहुतेकांनी दीर्घकाळ नकार दिला. धर्माधिकाऱ्यांची अनुज्ञा बिनतारी संदेशाने मागवूनही तो लवकर सुटला नाही, कारण शिपायाला धास्ती होती ती परत गेल्यावर गाव काय म्हणेल याची. या नकारात खंदकातील मनाचे सारे रहस्य आहे. उपासमारीतही तो मनाने गावच्या पंगतीत बसला होता. आकाशातून जाते पडावे आणि दाणा शत्रूच्या पदरात जावा, यापेक्षा अधिक विसंगत प्रसंग विनोदी लेखकालाही सुचणार नाही. पण तो भोगणाऱ्याच्या शब्दांत मराठीत ग्रंथबद्ध झाला नाही. वेढ्याच्या व कैदेच्या आठवणी शिशिरप्रसाद सर्वाधिकारी यांच्या ‘अभि ले बाग्दाद’ या ग्रंथात आल्या, त्या बंगालीत. मराठीत कॅप्टन गो. गं. लिमये या विनोदी लेखकाने ‘सैन्यातील आठवणी’ लिहिल्या खऱ्या; पण लेखक डॉक्टर व अधिकारी. पलटणीतील शिपायाची बाजू मांडणारे पुस्तक हे स्थान रिकामेच राहिले.

ही उणीव केवळ निरक्षरतेची नव्हे, परंपरेचीही आहे. मराठ्यांच्या इतिहासातील सर्वांत करुण खंदक पानिपतचा. नोव्हेंबर १७६० पासून १४ जानेवारी १७६१ पर्यंत भाऊसाहेबांची फौज छावणीभोवती खंदक खणून राहिली, आणि अखेर उपासमारीने बाहेर पडून लढली. ‘भाऊसाहेबांची बखर’ संवादांच्या जिवंतपणाबद्दल योग्यच नावाजली जाते. पण तो संवाद मुख्यतः सरदारांचा आहे. टोमणा मारण्याचा अधिकारही त्यांचाच. शिपायाची भूक बखरीत येते, त्याचे बोलणे येत नाही.

मराठवाड्याच्या बाबतीत या विचाराला वेगळेच वळण द्यावे लागते. मराठा पलटणींची भरती मुख्यतः कोकण, सातारा, कोल्हापूर या भागांतून होई. नांदेडहून वारंग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील अर्धापूर त्या काळी निजामाच्या राज्यात होते. तेथील सामुदायिक युद्धस्मृती शोधावयाची ती १९४७-४८ मधील हैदराबाद मुक्तिसंग्रामाची. पैनगंगेपलीकडे, वऱ्हाडात, उमरखेड येथे या लढ्याचा सरहद्दीवरील कॅम्प होता. तेथील सैनिक स्वयंसेवक होते. अर्धवट शस्त्रे, पैशांची चणचण व दिवसेंदिवस वाट पाहणे ही त्यांची स्थिती खंदकाला जवळची. पण त्यांच्या पत्रांवर वरिष्ठ सरकारचा पहारा नव्हता, आणि आपण येथे का आलो हे त्यांना ठाऊक होते. कॅम्पमधील थट्टेचा विचार करताना हा भेद ध्यानात धरावा लागेल. या लढ्यातील कार्यकर्त्यांच्या आठवणी, उदाहरणार्थ अनंत भालेराव यांचे ‘पेटलेले दिवस’, या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोग्या आहेत.

याच प्रदेशात दुसऱ्या एका हास्याचीही परंपरा आहे. लातूरला वकिली करणाऱ्या कासीम रझवीने लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा फडकविण्याची वल्गना केली होती, आणि १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत निजामाचे राज्य कोसळले. वल्गना व वास्तव यांतील हे अंतर हास्यास्पद आहेच, व त्यावर लोक हसले हे स्वाभाविक होय. परंतु हे विजेत्याचे परक्यावरील हास्य आहे. त्याच्या मागोमाग जे घडले त्याची चौकशी पंडित सुंदरलाल समितीने केली. दीर्घकाळ अप्रकाशित राहिलेल्या तिच्या अहवालाने संस्थानातील बळींचा अंदाज २७,००० ते ४०,००० असा दिला, व त्यांत प्रामुख्याने मुसलमान होते. सर्वाधिक झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत नांदेड आहे. रझवीवरचे हास्य त्याच्या नावाने ओळखल्या गेलेल्या निरपराध शेजाऱ्यावर केव्हा सरकले, हा प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकाला टाळता येणार नाही. अशा हास्यात करुण अंगी नसतो. तो हास्याबाहेर, दुसऱ्याच्या घरी असतो. आनंदवर्धनाच्या भाषेत येथे आश्रय भिन्न आहेत, आणि म्हणूनच विरोध जाणवत नाही. शास्त्रदृष्ट्या निर्दोष असलेली ही रचना माणुसकीच्या दृष्टीने निर्दोष असेलच असे नाही.

तेव्हा युद्धस्मृतीतील कोणतीही थट्टा नोंदविताना तीन प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. थट्टेचा विषय कोण, बोलणारा स्वतः की परका? ती कोणाच्या कानावर जाऊ नये म्हणून तिला आडपडदा घेतला आहे? आणि बोलणाऱ्याला घरची वाट खुली आहे की बंद? बेअर्न्सफादरचा शिपाई, काळ्या मिरीचा हिशेब लिहिणारा शिपाई आणि वल्गनेला हसणारा गावकरी या तिघांची उत्तरे निरनिराळी येतात. अर्धापूरच्या पारावर १९४८ ची गोष्ट ऐकताना श्रोते हसतील, तेव्हा ते हास्य यांपैकी कोणते हे ठरविल्याविना त्याची नोंद पूर्ण होत नाही. आणि त्याच गावात या गोष्टीवर जो हसत नाही, त्याच्याकडेही जाणे हे संग्राहकाचे कर्तव्य आहे.