बर्फावर मणी किती?

दुकानाने दिलेल्या टाक्यांच्या पत्रकाबरहुकूम भरलेलं हे बर्फातलं घर पाहा. रंगवलेला नीडलपॉइंट कॅनव्हास, इंचाला १८ भोकं. छपराला चकाकती जर, आकाशाला उठावदार नक्षीटाका, बर्फावर गच्च मणी. टाके निर्दोष आहेत, पण चित्र मेलंय! काम माझंच, त्यामुळे स्पष्ट बोलते.

चित्रकाराने बर्फात निळसर-जांभळ्या सावल्या रंगवल्या होत्या. त्या मी मण्यांखाली पुरल्या. तिथे एक घर सोडून एक असा विरळ टाका घातला असता, तर खालचा रंग दिसत राहिला असता. मणी हवेतच? मग खिडकीखाली चार लावा, जिथे दिव्याचा उजेड पडतो. तेही १५ नंबरचे. ११ नंबरचे या जाळीत एकमेकांना ढकलून वाकडे होतात. छपराला लोकर घ्या. ती चमकत नाही, म्हणून खिडकी पुढे येते. आकाशाला बास्केटवीव्ह पुरे, त्याने कॅनव्हास फारसा तिरका ओढलाही जात नाही.

एवढे डॉलर मोजून नुसता साधा टाका, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणाले होते.

धुराड्याचा धूर तेवढा बरा जमलाय. तिथे रेशमाचा एकच पदर घेतला, आणि त्यातून मागचं रंगवलेलं आकाश दिसतं.