दलित आत्मकथने आणि ऋणाचा प्रश्न

दलित आत्मकथनांची आपली समीक्षा अजूनही वेदना, विद्रोह आणि नकार या तीन शब्दांभोवती फिरते आहे. हे शब्द खोटे नाहीत. परंतु आत्मकथनातला ‘मी’ गावकुसाबाहेरून महाविद्यालयापर्यंत कोणाच्या आधाराने पोहोचला आणि पोहोचल्यावर त्याने मागच्याला हात दिला काय, हे ही समीक्षा क्वचितच विचारते. माझ्या मते हा प्रश्न सामाजिक आहे तितकाच वाङ्मयीनही आहे.

प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ (1979) आपण पोरक्या मुलाची करुण कहाणी म्हणून वाचतो. पण हा मुलगा शिकत शिकत मिलिंद महाविद्यालयात येतो, तेव्हा ते महाविद्यालय तेथे उभे असते. पीपल्स एज्युकेशन सोसायटी बाबासाहेबांनी 1945 मध्ये स्थापन केली आणि औरंगाबादचे महाविद्यालय 1950 मध्ये उघडले. केवळ जिद्दीचे कौतुक करणारी समीक्षा नायकाला एकटा पाडते. आणि एकट्या नायकावर कोणाचे ऋण उरत नाही.

बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ (1986) मध्ये हे एकटेपण नाही. शीर्षकातच ‘आमुचं’ आहे. घरच्यांपासून लपवून वर्षानुवर्षे लिहिलेल्या या पुस्तकात बाई वस्तीचे जगणे मांडतात आणि शिकून समाजाला विसरलेल्यांना खडसावतात. हा अधिकार त्यांना पदवीने दिलेला नाही. फलटणजवळ मागासवर्गीय मुलांसाठी त्यांनी आश्रमशाळा चालवली. लेखकाने समाजकार्याचा दाखला जोडावा, अशी माझी मागणी नाही. ‘मी’ आणि ‘आम्ही’ यांचे नाते संहितेत कसे येते, ते तपासले पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे.

या नात्याला आमच्या भागात जुना आधार आहे. जुलै 1924 मध्ये स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने 1925 मध्ये सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. जेवण, कपडे, वह्या-पुस्तके यांची सोय तेथे होती. सभेच्या प्रेरणेने विद्यार्थ्यांनी ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिकही चालवले. भाकरी आणि लेखणी यांची सोय एकाच चळवळीने केली.

त्याच सोलापूरहून तुळजापूरला जाणाऱ्या रस्त्यावर तामलवाडी आहे. तेथून आणि आसपासच्या गावांतून माझ्या वर्गात येणारी अनेक मुले घरातली पहिलीच पदवीपर्यंत आलेली असतात. मीही तसाच आलो. त्यांना जातीचा दाखला हवा असतो, जातपडताळणी हवी असते आणि शिष्यवृत्तीचा अर्ज आता ऑनलाइन भरायचा असतो. कागद अडला की वर्ष अडते. 14 एप्रिलला समाजाच्या ऋणावर बोलणारे नोकरदार पुष्कळ भेटतात. प्रवेशाच्या दिवसांत त्या मुलाशेजारी बसून अर्ज पुरा करणारा विरळा. त्यातही मदत दयेने केली, तर मूल मिंधे होते. शिष्यवृत्ती हा त्याचा हक्क आहे, हे समजावून देत केलेली मदत त्याला पुढच्या मुलाचा अर्ज भरायला शिकवते. नेतृत्व म्हणतात ते येथे घडते. सत्काराची शाल नंतरची.

आपल्या साहित्यात उपासमारीची पाने खूप आहेत आणि ती असलीच पाहिजेत. नोकरी लागल्यानंतरची पाने मात्र थोडी आहेत. त्या पानांवर वस्ती दिसते की केवळ नवे घर दिसते, यावरून पुढची समीक्षा आत्मकथनाचे मोल ठरवील, तर ती चळवळीच्या उपयोगी पडेल.