९७ टक्के, पण कशाचे?

संशोधनाचा आराखडा लिहायला बसलेल्यांसाठी आज आकडे वाचायचा एक सराव. उदाहरण मुद्दाम राजकारणातलं घेतलंय.

कॅरिबियन समुद्रातलं प्वेर्तो रिको १८९८ पासून अमेरिकेच्या ताब्यात आहे. तिथले लोक १९१७ पासून अमेरिकी नागरिक आहेत, पण बेटावर राहून त्यांना राष्ट्राध्यक्ष निवडता येत नाही. बेटाला अमेरिकेतलं पूर्ण राज्य करा, ही मागणी घेऊन १९६७ साली लुइस फेरे यांनी नवप्रगतिशील पक्ष काढला. मागणी मला रास्त वाटते. तिच्यासाठी पक्षाने पुढे केलेला एक पुरावा मात्र कच्चा आहे.

जून २०१७ च्या सार्वमतात राज्याच्या बाजूने ९७ टक्के मतं पडली. पक्षाचे गव्हर्नर रिकार्दो रोसेयो हा कौल घेऊन वॉशिंग्टनला दाद मागायला गेले. आता छेद बघा. मतदान झालं जेमतेम २३ टक्के, कारण विरोधी पक्षांनी बहिष्कार घातला होता. म्हणजे एकूण मतदारांपैकी साधारण २२ टक्क्यांनीच राज्य मागितलं. तुम्ही हजार प्रश्नावल्या वाटल्या, २३० परत आल्या, आणि न आलेल्या बहुतेक एकाच मताच्या लोकांच्या असल्या, तर त्या २३० वरून निष्कर्ष काढाल का? गाईड पहिल्याच बैठकीत परत पाठवतील!

अर्थात उलट बाजूही तितकीच चुकते. घरी बसलेला प्रत्येक जण राज्याच्या विरोधातच होता, असं विरोधक धरून चालतात. आदल्या वर्षीच्या सार्वत्रिक निवडणुकीतही मतदान ५५ टक्क्यांच्या आसपासच होतं. एरवीच न येणारे त्यांनी सरळ आपल्या खात्यात जमा केले.

२०१२ ची गंमत वेगळी. तेव्हा राज्याला ६१ टक्के मिळाले, पण सुमारे पाच लाख मतदारांनी त्या प्रश्नापुढची जागा कोरी सोडली होती. त्या मतपत्रिका छेदात धरल्या की ६१ चे ४५ च्या आत येतात. कोऱ्या मतपत्रिकेला 'नाही' म्हणायचं की 'उत्तर नाही'? हे मोजणीआधी ठरवायचं असतं, निकाल पाहून नव्हे.

मला पटणारा आकडा २०२० चा. प्रश्न एकच, हो की नाही. सार्वत्रिक निवडणुकीच्याच दिवशी, निम्म्याहून जास्त मतदार हजर. 'हो' म्हणाले ५२.५ टक्के. ऐकायला ९७ पुढे किरकोळ, पण प्रत्यक्ष मतं मोजा: २०१७ मध्ये सुमारे पाच लाख, २०२० मध्ये साडेसहा लाखांहून जास्त. त्याच दिवशी पक्षाचे पेद्रो पियेरलुइसी गव्हर्नर झाले ते मात्र ३३ टक्क्यांच्या आसपास मतांवर. म्हणजे पक्षाला मत न देणाऱ्या कितीतरी लोकांनीही राज्य मागितलं होतं.